इंटरनॅशनल जायचंय, पण नेमकं कुणाकडे?

प्रश्न थोडक्यात सांगते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. कोल्हापूरची मुलगी आहे, अप्लाइड आर्टमध्ये बीएफए झालंय, घरात आजोबांपासून कोल्हापुरी चपलांचं काम. वडील आणि काका अजून स्वतः कामाला बसतात, आई-काकू वेण्या घालतात. प्राडा या इटालियन फॅशन कंपनीचं प्रकरण झाल्यापासून (ते पुढे सांगते) तिच्या डोक्यात आहे की आपणही इंटरनॅशनल लेव्हलला काहीतरी करायचं, आणि पुढे तीन वाटा आहेत: लंडन नाहीतर मिलानला मास्टर्स, एखादी आर्टिस्ट रेसिडेन्सी (म्हणजे काही काळ तिकडे राहून आपलं काम करायची संधी), किंवा थेट एक्सपोर्ट. यातलं आधी काय करू, असं विचारलंय. वडील घर तारण ठेवून कर्ज काढायला तयार आहेत म्हणे.

घर तारण ठेवू नकोस. निदान या वर्षी तरी नको. मी स्वतः कलेचं शिक्षण घेऊन मग हस्तकलेच्या एक्सपोर्टमध्ये बरीच वर्षं काढली, आता मुलामुलींचे पोर्टफोलिओ बघते, तेव्हा तिन्ही वाटांवर लोक कुठे अडकतात ते बघून झालंय. आणि माझं म्हणणं एवढंच आहे की या तीन वाटा आत्ता तुझ्यासाठी तीन नाहीतच. तिन्ही ठिकाणी समोरचा माणूस तुझ्याकडे एकच गोष्ट मागणार आहे: तू आणि तुझ्या घरचे जे करता ते त्याला त्याच्या टेबलावर बसून, तुला न भेटता, तपासता आलं पाहिजे. कॉलेजच्या प्रोफेसरला ते पोर्टफोलिओत दिसायला हवं, रेसिडेन्सीच्या ज्युरीला प्रपोजलमध्ये आणि दुकानदाराला सॅम्पल, टेस्ट रिपोर्ट आणि इन्व्हॉइसमध्ये. काम तेच. ते काम अजून कागदावर, फोटोत, आकड्यात आलेलं नाही ही तुझी खरी अडचण आहे, व्हिसा आणि फी नंतरच्या गोष्टी.

म्हणजे काय करायचं ते सांगते. घरात आज एक कापशी (कोल्हापुरीचाच एक प्रकार) जोड बनतो तो पहिल्यापासून शेवटपर्यंत नोंदव. चामडं कुठून येतं, कशात कमावलंय, तळ किती थरांचा, कान कुठल्या भागातून कापतात, अंगठा कसा बसवतात, वेणीला किती पदर, शिवण कशाची, कुठलं काम कोण करतं आणि त्याला किती वेळ लागतो. वेळ घड्याळ लावून मोज, "साधारण एक दिवस" असं लिहू नको. आई-काकूंचा वेळ पण धर बरं का, कारण बहुतेक घरांत बायकांच्या वेणीकामाचा हिशोबच नसतो आणि मग किंमत ठरवताना तो फुकट धरला जातो. अवजारांचे फोटो, त्यांची आपल्याकडची नावं. हे सगळं करायला पैसे लागत नाहीत, दोन-तीन महिने लागतील, आणि अप्लाइड आर्टवाली आहेस म्हटल्यावर लेआउट तर तू झोपेत करशील.

हे एवढं ठासून का सांगते, तर युरोपातल्या डिझाइन आणि आर्ट स्कूलना फिनिश्ड पोस्टर्सचं कौतुक फार नसतं, त्यांना प्रोसेस बघायची असते. जर्मनीत आर्ट अकॅडमीला अर्ज करताना पोर्टफोलिओ हाच खरा अडथळा असतो, मार्कशीट नंतर. आपल्याकडची मुलं मात्र लोगो, पॅकेजिंग, कॅम्पेन असं चकचकीत काहीतरी पाठवतात, जे जगातला कुठलाही विद्यार्थी पाठवू शकतो. तुझ्याकडे घरात जे आहे ते दुसऱ्या कुणाकडे नाही आणि तेच तू पोर्टफोलिओत टाकलेलं नाहीस, मी बघितला तुझा. शेवटच्या पानावर एक चपलेचा फोटो आहे फक्त, तोही पांढऱ्या बॅकग्राउंडवर!

आता प्राडाचं. जून २०२५ मध्ये मिलानला त्यांच्या मेन्स फॅशन शोमध्ये आपल्यासारख्या चपला दिसल्या, नाव कुठेच नव्हतं, ओरड झाली, मग कंपनीने प्रेरणा कुठली ते मान्य केलं, त्यांची माणसं कोल्हापुरात येऊन गेली, आणि डिसेंबरमध्ये महाराष्ट्राचं लिडकॉम आणि कर्नाटकचं लिडकर या सरकारी चर्मोद्योग महामंडळांशी करार करून दोन्ही राज्यांत मर्यादित जोड बनवून घ्यायचं जाहीर झालं, किंमत साधारण ८०० युरो. यातून बहुतेकांनी काय घेतलं, तर "आपल्या चपलेला बाहेर ८०० युरो मिळतात". मिळत नाहीत ग. ते त्या नावाला, त्या दुकानाला आणि त्या शोला मिळतात. ८०० युरोवरून आपला भाव काढायला बसलीस तर पहिल्याच मेलला समोरचा गप्प होईल.

त्या प्रकरणातून शिकण्यासारखं वेगळंच काहीतरी आहे. कोल्हापुरी चपलेला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, २०१९ पासून आहे, महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे त्यात येतात. पण हा भारतातला जीआय, तो इटलीत आपोआप लागू होत नाही. युरोपियन युनियनने हस्तकलेच्या वस्तूंसाठी जीआयची स्वतंत्र व्यवस्था १ डिसेंबर २०२५ पासून सुरू केली आहे, तिथे बाहेरच्या देशातले उत्पादकही अर्ज करू शकतात, पण ते काम तुझ्या एकटीचं नाही, महामंडळांनी करायचं आहे. तू काय करायचं, तर वडिलांच्या नावाने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी. जीआय आहे म्हणजे कोल्हापुरातल्या प्रत्येकाला तो लावता येतो असं नसतं, प्रत्येक कारागिराला वेगळी नोंदणी करावी लागते आणि तिची सरकारी फी १० रुपये आहे. दहा! तरी चप्पल लाइनीत विचारून बघ किती जणांनी केलीये. ते सर्टिफिकेट तुझ्या पोर्टफोलिओतही जाईल, कॅटलॉगमध्येही जाईल.

एक्सपोर्टबद्दल आता जरा सविस्तर, कारण इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. कागदपत्रांना लोक उगाच घाबरतात. आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीसाठी लागणारा नंबर, डीजीएफटी या सरकारी व्यापार खात्याच्या साइटवर घरबसल्या निघतो, ५०० रुपये फी, पॅनवर आधारित. जीएसटी असेल तर दरवर्षी एलयूटी हे हमीपत्र भरायचं म्हणजे एक्सपोर्टवर टॅक्स आधी भरून मग परत मागत बसावं लागत नाही. छोट्या पार्सलसाठी पोस्टाची डाकघर निर्यात केंद्रं आहेत, तिथे पोस्टल बिल ऑफ एक्सपोर्ट ऑनलाइन भरता येतं, कस्टम्स एजंट धरायची गरज पडत नाही. पैसे बँकेतूनच येऊ देत, योग्य पर्पज कोड (पैसे कशाचे ते सांगणारा आकडा) टाकून, आणि बँकेचा पावतीचा कागद जपून ठेव. एवढंच. हे काम वाणिज्य शाखेतला एखादा मित्र एका आठवड्यात करून देतो.

अवघड आहे तो माल. एचएस कोड बघ, म्हणजे जगभरच्या कस्टम्समध्ये वस्तू ओळखायचा आकडा. त्यात ६४०३२० असा एक कोड आहे आणि त्याचं वर्णनच असं आहे की चामड्याचा तळ, आणि वर चामड्याचे पट्टे, एक पायाच्या वरून आणि एक अंगठ्याभोवती. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसूच आलं, जगाच्या कस्टम्सच्या पुस्तकात आपल्या पायताणाला जणू स्वतःची खोली दिलेली. पण त्याच चपलेला तू रबरी तळ लावलास, जो आता बरेच जण लावतात कारण गिऱ्हाइकाला घसरायला नको, की ती त्या खोलीतून बाहेर पडते, कोड बदलतो आणि कोड बदलला की ड्युटी बदलू शकते. म्हणून डिझाइन ठरवतानाच कोड बघायचा, पॅकिंग झाल्यावर नाही.

दुसरं, चामडं. युरोपात त्वचेला लागणाऱ्या चामड्यात 'क्रोमियम-सहा' हा क्रोमचा घातक प्रकार एका किलोमागे ३ मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. आपली परंपरागत चप्पल बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेल्या चामड्याची, त्यात क्रोम येतच नाही, म्हणजे ही आपली सगळ्यात जमेची बाजू. पण आज घरात येणारा प्रत्येक तुकडा खरंच तसा आहे का? बरंचसं चामडं आता मद्रासकडून तयार येतं, वेणीचं मऊ चामडं किंवा आतलं अस्तर कित्येकदा क्रोममध्ये कमावलेलं असतं, आणि विकणारा "व्हेज आहे", म्हणजे झाडाच्या सालीत कमावलेलं, म्हणतो म्हणून आपण पुढे तसंच सांगतो. कॅटलॉगमध्ये व्हेजिटेबल टॅन्ड लिहिलंस आणि त्यांच्या लॅबमध्ये क्रोम निघालं तर तो खरेदीदार गेला, आणि त्याने दुसऱ्या दोघांना सांगितलं तर तेही गेले. रंगांचं पण तेच, काही अ‍ॅझो रंगांवर बंदी आहे, आणि आपल्याकडे तो लालभडक रंग कुठल्या डब्यातून येतो ते वडिलांनाही नक्की माहीत नसेल.

पावसाळ्यात माल पाठवायचा झाला तर बुरशी. त्यासाठी लोक बाजारातून मिळेल ती अँटी-फंगस पुडी बॉक्समध्ये टाकतात. असल्या पुड्यांमध्ये पूर्वी डीएमएफ नावाचं रसायन असायचं, युरोपात लोकांच्या पायांना त्याची भयंकर अ‍ॅलर्जी झाली आणि त्यावर कडक बंदी आली. साधी सिलिका जेल वापर, आणि शक्यतो जून ते सप्टेंबर मोठी ऑर्डर पाठवूच नको.

आणि करकर वाजणारी चप्पल! तळाच्या थरांत विंचवाचं (विंचू नावाच्या झाडाचं) बी घालतात ना, ती. परदेशी लोकांना ती गोष्ट प्रचंड आवडते, पण ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडला पाठवणार असशील तर आधी चौकशी कर, तिथे बी-बियाणं आत येऊ देण्याबाबत फार कडक आहेत, न सांगता बी असलेली वस्तू गेली तर सीमेवरच अडकेल.

युरोपात माल विकायचा तर १३ डिसेंबर २०२४ पासून अजून एक नियम आला, की वस्तूच्या सुरक्षेची जबाबदारी घेणारी एक व्यक्ती किंवा कंपनी युरोपातच हवी आणि तिचं नाव-पत्ता मालावर किंवा पॅकिंगवर हवा. म्हणजे इन्स्टाग्रामवरून फ्रान्समधल्या कुणाला एक जोड पाठवून देऊ हे आता तितकं सोपं राहिलं नाही. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलला ड्युटी नव्हती, ती सवलत ऑगस्ट २०२५ च्या शेवटी गेली, मध्ये काही आठवडे आपल्या पोस्टाने तिकडची पार्सलं घेणंच थांबवलं होतं. तिथले टॅरिफ इतक्या वेळा बदललेत की मी इथे आकडा लिहितच नाही, पाठवायच्या आठवड्यात बघायचं. या सगळ्यामुळे माझं मत असं झालंय की एकेक गिऱ्हाईक पकडत बसण्यापेक्षा एका देशातलं एक छोटं दुकान पकडावं, जे स्वतः आयात करतं आणि ही जबाबदारी स्वतःवर घेतं. वीस जोड त्या दुकानाला गेलेले परवडतात, वीस वेगळ्या घरी गेलेले परवडत नाहीत, कारण एका जोडाचं कुरियर चपलेपेक्षा महाग पडतं. फक्त दुकानदार स्वतःच्या खरेदीच्या दुप्पट-अडीचपट किमतीला विकतो हे धरून उलटा हिशोब कर. त्याच्या शेल्फवर ९० युरो दिसणार असतील तर तुझ्या हाती ३६-४५ येतील, त्यातून ड्युटी-वाहतूक कोण भरतं ते आधीच लिहून घ्यायचं. ब्रिटनशी जुलै २०२५ मध्ये करार झालाय, त्यात पादत्राणांवरची ड्युटी शून्यावर आणायचं ठरलंय, तेव्हा तिकडचं दुकान शोधत असशील तर तो लागू झालाय का आणि ओरिजिन सर्टिफिकेट (माल भारतात बनल्याचा दाखला) कुठून काढायचं हे विचार.

आणखी एक. "आमची चप्पल पहिले चार दिवस चावते, तेल लावा मग सरळ होते" हे आपल्याला माहितीये, म्युनिकमधल्या बाईला नाही. ती पहिल्याच दिवशी परत पाठवेल. एकतर पट्टा आतून मऊ करून पाठव नाहीतर तिच्या भाषेत एक कार्ड टाक.

शिक्षणाकडे येते. लंडनला फुटवेअरमधलं मास्टर्स म्हणजे फी आणि राहणं-खाणं मिळून ४० लाखांच्या पुढे सहज जातं. तिथला नोकरी शोधायचा पोस्ट-स्टडी व्हिसा आत्ता दोन वर्षांचा आहे, १ जानेवारी २०२७ पासून जे अर्ज करतील त्यांना दीडच वर्ष मिळणार. चाळीस लाखांचं कर्ज आणि हातात दीड वर्ष, यात तू मनासारखं काम करणार की मिळेल ती नोकरी धरून हप्ते फेडणार? हे तुझं तूच ठरव, पण एजंटला विचारून ठरवू नको, कारण बहुतेक एजंटना कॉलेजकडून कमिशन मिळतं आणि जिथून मिळतं तेच कॉलेज तुझ्यासाठी "बेस्ट फिट" निघतं.

जर्मनीत बहुतेक सरकारी ठिकाणी ट्यूशन फी नाही (बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात परदेशी विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो आहे), पण ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (राहण्याच्या खर्चासाठी आधी पैसे भरून ठेवायचं खातं) वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, आपली शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याचं एपीएस सर्टिफिकेट लागतं त्याची १८,००० रुपये फी, आणि कलेच्या कोर्सला जर्मन चांगलं लागतं, ए-वन ही पहिली पायरी करून भागत नाही. पुण्यात मॅक्सम्युलर भवन आहे, ऑनलाइन क्लासही आहेत, आजपासून सुरू केलंस तरी दीड-दोन वर्षं धर. डाड (DAAD) या जर्मन शिष्यवृत्ती संस्थेची कलाकारांसाठी वेगळी स्कॉलरशिप असते हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं, सगळ्यांना वाटतं डाड म्हणजे इंजिनियरचं.

इटलीचं तर आपल्याकडे कुणी सांगतच नाही. तिथल्या सरकारी विद्यापीठांत प्रत्येक प्रांताची स्कॉलरशिप असते, ती मार्कांवर नाही तर मुख्यतः घरच्या उत्पन्नावर ठरते, परदेशी विद्यार्थ्यांनाही मिळते, फी माफ होते आणि वर राहण्या-जेवणाला हातभार. तुमच्या घरचं उत्पन्न बघता तू त्यात बसशील असं वाटतं. त्यासाठी उत्पन्नाचे, घराचे, कुटुंबात किती माणसं त्याचे दाखले अपोस्टिल (परदेशात चालण्यासाठी सरकारी शिक्का) करून, इटालियनमध्ये भाषांतर करून लागतात, तहसील कार्यालय आणि मंत्रालय धरून त्याला किती महिने जातात ते तुला माहीतच आहे, म्हणून ते काम आधी सुरू करायचं. खासगी फॅशन स्कूलला हे लागू नाही, आणि मिलानमधली जी नावं तू लिहिलीस त्यातली बहुतेक खासगी आहेत. युरोपियन युनियनची इरॅस्मुस मुंडुस स्कॉलरशिप पण बघ, दोन-तीन देशांत मिळून मास्टर्स, फी माफ आणि महिन्याला १,४०० युरो, अर्ज साधारण ऑक्टोबर ते जानेवारी. चुरस भयंकर आहे पण अर्जाला खर्च जवळपास नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची राज्य सरकारची परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या मुलांसाठी आहे, त्यात बसत असशील तर तिच्या जागतिक क्रमवारीच्या अटीत तुझं कॉलेज येतं का ते आधी तपास, कलेची कित्येक चांगली कॉलेजं त्या यादीत येत नाहीत.

पण त्याआधी, चेन्नईचं सीएलआरआय (चामड्याची केंद्रीय संशोधन संस्था) आणि नोएडाचं एफडीडीआय (पादत्राणांच्या डिझाइनची संस्था) ही दोन नावं तुझ्या मेलमध्ये का नाहीत? चामड्याचं केमिस्ट्री शिकवणारी देशातली मोठी संस्था रेल्वेच्या तिकिटात आहे आणि आपण मिलानचं विमान बघतोय. तिथला एखादा छोटा कोर्स केलास तर वरची क्रोम आणि रंगांची सगळी भानगड तुला स्वतःला कळेल आणि पुढच्या कुठल्याही अर्जात त्याचं वजन पडेल.

रेसिडेन्सीबद्दल फार लांबवत नाही. चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्ट ब्रिटनसाठी, स्वित्झर्लंडसाठी प्रो हेल्व्हेशिया, फ्रान्सची व्हिला स्वागतम्, इनलॅक्स, ही सगळी खरी आणि चांगली आहेत, वयाच्या आणि अनुभवाच्या अटी प्रत्येकाच्या वेगळ्या. जिथे कलाकारालाच हजारो युरो भरायला सांगतात तिथे मात्र सावध, नाव रेसिडेन्सी असलं तरी तो भाड्याचा स्टुडिओ असतो. प्रपोजलमध्ये "भारतीय वारसा जगासमोर मांडायचा आहे" हे वाक्य लिहिलंस तर ज्युरी पुढचं वाचणार नाही, असले अर्ज त्यांच्याकडे ढिगाने येतात. त्यापेक्षा करकर आवाज घे. चपलेचा आवाज का हवा असायचा, कुणाला हवा असायचा, बी कुठलं, ते कोण बसवतं, आणि आवाज करणाऱ्या वस्तूवर तिथल्या एखाद्या साउंड आर्टिस्टबरोबर काय करशील. असं प्रपोजल कोल्हापूरबाहेरचं कुणी लिहूच शकत नाही.

जुन्या लोकांकडे बघ ना. चित्रकारांचंच घे, रझा १९५० मध्ये फ्रेंच सरकारच्या स्कॉलरशिपवर पॅरिसला गेले, गायतोंडे १९६४ मध्ये रॉकफेलर फेलोशिपवर न्यूयॉर्कला जाऊन परत आले, मोहन सामंत तिकडेच राहिले. तिघांच्याही हातात जाण्याआधी इथे केलेलं काम होतं, त्या कामाकडे बघून बोलावणं आलं. आणि वारली चित्रकार जिव्या सोमा म्हशे डहाणू तालुक्यातल्या गंजाडमधून कधी कायमचे हलले नाहीत, तरी १९८९ मध्ये पॅरिसच्या पॉम्पिदू या कलासंग्रहालयाच्या प्रदर्शनात त्यांचं काम होतं आणि पुढे जर्मनीत ब्रिटिश कलाकार रिचर्ड लाँगसोबत प्रदर्शन झालं. त्यांच्याकडे काय पोर्टफोलिओ होता म्हणशील, तर नव्हता, त्यांचं काम बाहेर नेणारी माणसं होती. तुझ्याकडे ती माणसं नाहीत, म्हणून तुला कागद लागणार.

सांता फेच्या फोक आर्ट मार्केटबद्दलही विचारलंयस. चांगलं आहे, दर जुलैला अमेरिकेत न्यू मेक्सिकोत भरतं, कारागीर स्वतः विकतात, निवड ज्युरी करते. तू नाही, वडिलांच्या नावाने अर्ज कर, कारण तिथे हाताने बनवणारा माणूस बघतात, आणि तू भाषा बोलायला सोबत जा. अर्जात मागतात ते फोटो आणि प्रोसेस वर सांगितलेल्या नोंदीतूनच निघेल.

तर या महिन्यात दोनच कामं. जीआयची नोंदणी, आणि चामड्याची लॅब टेस्ट. टेस्टला अख्खी चप्पल देऊ नको, तळाचं, पट्ट्याचं, वेणीचं आणि अस्तराचं असे वेगवेगळे तुकडे दे, प्रत्येकावर कुणाकडून आणि कधी घेतलं ते लिहून, म्हणजे क्रोम निघालंच तर कुठल्या व्यापाऱ्याचं चामडं बंद करायचं ते लगेच कळेल. लॅबला आधी फोन करून तुकडा किती मोठा लागतो ते विचार, नाहीतर पार्सल परत येतं. रिपोर्ट आला की मला पाठव, मग दुकानांना लिहायच्या मेलचं बघू.